जमिनीची आणखी एक मोजणी

बेंगळूरूहून उत्तरेस हैदराबादकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, देवनहळ्ळी हे तालुक्याचे गाव आहे. ज्या बेंगळूरूची जहागीर १६३८ नंतर शहाजीराजांकडे होती, त्याच बेंगळूरूच्या आसमंतातले हे ठाणे असल्यामुळे मराठी वाचकास ते सर्वस्वी परके नाही. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून इतिहासाला आणि पपनसांच्या बागांमुळे बाजारपेठेला ते पूर्वीपासून परिचित होते. परंतु आज त्याचे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी आहे ते निराळ्याच कारणाने. २००८ सालच्या मे महिन्यात येथे नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला, त्याने चार हजार एकरांहून अधिक भूमी व्यापली, आणि त्याच्या पाठोपाठ रुंद रस्ते, औद्योगिक वसाहती, गोदामे, हॉटेले आणि भूखंडांचे आखीव ‘लेआउट’ अशा वेगाने आले, की ज्या माळावर काल मेंढरे चरत होती तेथे आज सीमेंटचे खांब आणि विक्रीचे फलक उभे आहेत.

शहर वाढावे आणि माणसांना घरे व उद्योग मिळावेत, याला कोणाचाही तात्त्विक विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की जमिनीचा उपयोग बदलण्याची परवानगी देण्यापूर्वी सरकार त्या जमिनीविषयी जी चौकशी करते, ती पुरेशी आहे काय? मालक कोण, हद्द कोठवर, बोजा किती, पाण्याचा निचरा कसा, रस्ता किती रुंद, या सर्व बाबींची कागदोपत्री छाननी होते आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु त्या भूमीवर माणसाच्या आधीपासून जे प्राणी वस्ती करून आहेत, त्यांच्याविषयीचा रकाना बहुधा दोन-चार ओळींत भरला जातो. पक्ष्यांची नोंद थोडीबहुत होते, कारण ते दिसतात आणि ओरडतात. सर्वांत मोठी उपेक्षा वाट्याला येते ती सरपटणाऱ्या प्राण्यांच्या, म्हणजे साप, सरडे, पाली, सापसुरळ्या, घोरपडी आणि कासवे यांच्या. कारण लपून राहणे हाच ज्यांच्या जगण्याचा धर्म, त्यांची गणना घाईघाईने करता येत नाही.

देवनहळ्ळीच्या भूमीचा पाया अतिप्राचीन पट्टिताश्माचा आहे. त्या खडकाचे उघडे कातळ, त्यांच्यावर भेगाळलेल्या शिळा, मध्ये काटेरी झुडपांचे माळ, कोरडवाहू शेते, त्यांचे दगडी बांध, जुनी वारुळे आणि उतारावर एकाखाली एक बांधलेले तलाव, असे या प्रदेशाचे रूप आहे. महसुली दफ्तरातील वर्गीकरण मात्र पिकाच्या दृष्टीने झालेले आहे. ज्या तुकड्यावर नांगर चालत नाही, त्याची आपल्याकडे सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून नोंद होते आणि कर्नाटकाच्या दफ्तरातही तो खराब म्हणूनच लागतो. गावच्या सामाईक चराईला आपण गायरान म्हणतो, तिला तेथे गोमाळ म्हणतात. सारा वसूल करण्यापुरते हे वर्गीकरण योग्यच होते. परंतु बांधकामासाठी जमीन शोधणाऱ्यांची दृष्टी प्रथम याच तुकड्यांकडे वळते, कारण तेथे पीक बुडत नाही आणि कोणाचे नुकसान होत नाही, अशी सर्वांची समजूत असते.

वस्तुस्थिती याच्या उलट आहे. कातळाच्या भेगांत खडकावरचा तो सरडा राहतो, ज्याच्या नराची पाठ विणीच्या हंगामात लाल-पिवळी होते आणि बाजू काळ्याभोर पडतात. विरळ गवताच्या माळावर गळ्याचा पंखा फुलवून मादीला साद घालणारा चिमुकला सरडा राहतो. वारुळात नाग आणि धामण आसरा घेतात, आणि घोरपडही आपली अंडी कित्येकदा वारुळाच्याच मातीत घालते. भुसभुशीत जमिनीत मांडूळ, ओलसर दगडाखाली गांडुळासारखा दिसणारा वाळा, बांधावरच्या झुडपांत घोणस, तलावाच्या काठी दिवड, अशी प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. या प्रदेशाचा अभ्यास पुरा झाला आहे असेही नाही. म्हैसूरच्या पठारावरून जमिनीवर राहणाऱ्या पालींच्या दोन नव्या जाती ईशान अगरवाल या संशोधकाने शास्त्राला परिचित करून दिल्या त्या २०१६ साली, आणि त्यांपैकी एक बेंगळूरूच्या परिसरातली आहे. ज्या महानगरात विज्ञानाच्या एवढ्या नामांकित संस्था आहेत, त्याच्याच अंगणातला प्राणी एकविसाव्या शतकापर्यंत अनोळखी राहू शकतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. भारतात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सातशेहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि दरवर्षी त्यांत भर पडत आहे; अशा देशात एखादा माळ ‘पडीक’ ठरवून सपाट करताना आपण नेमके काय गमावले, हे आपल्याला कळण्याचा मार्गच राहत नाही.

म्हणूनच सरीसृपांच्या पाहणीचे महत्त्व. ही पाहणी म्हणजे सापांचा शोध घेऊन ते पकडण्याचा उद्योग नव्हे. प्रथम त्या भूमीचा नकाशा घेऊन कातळ, बांध, वारुळे, झुडपे, ओढे आणि तलावकाठ निरनिराळे दाखवले जातात. कोणत्या ठिकाणी कोणता प्राणी असण्याचा संभव आहे, हे पूर्वीच्या नोंदींवरून आणि गावातल्या वृद्ध शेतकऱ्यांच्या व धनगरांच्या माहितीवरून ठरवले जाते. मग ठराविक रेषेवरून, ठराविक वेळ, सावकाश चालत प्रत्यक्ष दिसणारे प्राणी टिपले जातात. सकाळची कोवळी उन्हे सरड्यांसाठी, संध्याकाळ आणि रात्रीचा पूर्वार्ध पाली, मण्यार व घोणस यांच्यासाठी, अशा वेळा ठरलेल्या असतात. दगड उलटून पाहिले जातात आणि पाहून झाल्यावर होते तसेच ठेवले जातात, कारण दगडाखालचा ओलावा एकदा मोडला की तेथला रहिवासी निघून जातो. कात, विष्ठा, वाळूवरची फरफट, बिळाचे तोंड, अंड्यांची टरफले, रस्त्यावर चाकांखाली चिरडलेली कलेवरे या सर्वांची नोंद पुरावा म्हणून घेतली जाते. काही देशांत पत्र्याचे अथवा डांबरी छपराचे तुकडे मुद्दाम जमिनीवर टाकून ठेवतात. ऊब आणि आडोसा मिळाल्याने प्राणी त्यांच्याखाली येतात आणि पाहणाऱ्याला ते त्रास न देता मोजता येतात.

या कामात सर्वांत कठीण बाब आहे ती ‘नाही’ म्हणण्याची. घोरपड दिसली, तर ती तेथे आहे हे सिद्ध झाले. परंतु ती दिसली नाही म्हणून ती तेथे नाही, असे सिद्ध होत नाही. एका दुपारी माळावरून चक्कर मारून ‘सरपटणारे प्राणी आढळले नाहीत’ असा शेरा लिहिणे म्हणजे रात्री दार बंद पाहून घर ओसाड असल्याचा दाखला देण्यासारखे आहे. त्यामुळे योग्य हवामानात पुनःपुन्हा भेटी देणे, प्रत्येक भेटीचा दिनांक, वेळ, तापमान आणि आकाशाची स्थिती लिहून ठेवणे, आणि किती शोध घेतल्यावर किती मिळाले हे प्रामाणिकपणे सांगणे, यांवरच पाहणीची विश्वासार्हता अवलंबून असते.

ब्रिटनमध्ये या शास्त्राला परवानगीच्या प्रक्रियेत निश्चित स्थान मिळालेले आहे. तेथल्या भूमीवर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अवघ्या सहा मूळ जाती आहेत. त्या साऱ्यांना १९८१ च्या वन्यजीवविषयक कायद्याने कमीअधिक संरक्षण दिले आहे, आणि एखाद्या जागी त्यांचा वास असण्याचा वाजवी संभव असेल, तर स्थानिक नियोजन अधिकारी बांधकामाच्या अर्जाबरोबर त्यांच्या पाहणीचा अहवाल मागतात. अनुकूल हवेत किमान सात भेटी देऊनच अस्तित्वाविषयी निष्कर्ष काढावा, असा दंडक तेथे विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. सहा जातींच्या देशाने जी काळजी घेतली, ती सातशे जातींच्या देशाने घेणे अशक्य मानण्याचे कारण नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक आहे, की प्राण्याला मारणे वा पकडणे एवढेच नव्हे, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा त्यांच्या अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणे, हेही तिच्यात मोडते. घोरपड आणि अजगर हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहेत. वारूळ यंत्राने उखडताना आतली घोरपडीची अंडी फुटली, तर तो केवळ अपघात मानून सोडून देण्याजोगा प्रकार नाही, हे जमीन सपाट करणाऱ्या किती ठेकेदारांना ठाऊक असेल?

दुसरीकडे, १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या अधिसूचनेने मोठ्या बांधकामांना पूर्वमंजुरी आवश्यक केली. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम, तसेच पन्नास हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राच्या वसाहती तिच्या कक्षेत येतात. बांधकामाच्या अर्जासोबत जोडावयाच्या प्रपत्रात एक प्रश्न स्पष्टपणे विचारलेला आहे: या प्रकल्पामुळे प्राणी विस्थापित होतील काय, अथवा त्यांच्या हालचालींना अडथळे उत्पन्न होतील काय, त्याचा तपशील द्यावा. प्रश्न उत्तम आहे. परंतु उत्तर कोणत्या पद्धतीने, किती दिवस आणि कोणत्या ऋतूत शोधावे, याविषयी सरीसृपांपुरता कोणताही स्वतंत्र दंडक नाही. उत्तर देणारा सल्लागार अर्जदारानेच नेमलेला आणि अर्जदाराकडूनच मानधन घेणारा असतो. शिवाय पन्नास हेक्टर म्हणजे सुमारे सव्वाशे एकर. त्याहून लहान क्षेत्रावर नुसते भूखंड पाडून विकण्याचा बेत असेल, तर तो या चौकशीच्या कक्षेबाहेरच राहतो. देवनहळ्ळीच्या वाटांवर दिसणारे लेआउट बव्हंशी असे लहानच असतात. एकेकटे पाहिले तर प्रत्येकाचा आघात किरकोळ वाटतो. सर्वांचा मिळून होणारा आघात मात्र कोणाच्याच दफ्तरात नोंदला जात नाही.

ऋतूचा प्रश्न तर याहूनही गंभीर आहे. आघात-अहवालासाठी पायाभूत माहिती गोळा करताना पावसाळा वगळून एका ऋतूची निरीक्षणे घ्यावीत, अशी वहिवाट पडलेली आहे. हवेतील धूळ मोजण्यासाठी ती सोयीची असेल. परंतु सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने हाच एक काळ असा आहे, की जो वगळता कामा नये. एप्रिल-मे महिन्यांतल्या वळिवाने माती भिजली की दक्षिण दख्खनच्या पठारावरचे हे जग जागे होते; खडकावरचे सरडे रंग धारण करतात, घोणशीची पिल्ले जन्मतात, नागाची अंडी फुटतात, कासवे बाहेर पडतात. हिवाळ्याच्या कोरड्या थंडीत केलेल्या पाहणीत यांतले फारच थोडे हाती लागते, आणि तो अपुरा कागदच पुढे वर्षानुवर्षे प्रमाण मानला जातो.

पाहणी न करता काम सुरू झाले की पुढे काय होते, हे शहराच्या सीमेवर राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. झुडपे तोडली जातात, बांध उखडले जातात, बिळे बुजतात. उंदीर बांधकामाच्या कचऱ्याकडे आणि मजुरांच्या झोपड्यांकडे वळतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतात. मग कोणीतरी सर्पमित्राला बोलावतो, तो स्वतःचा जीव धोक्यात घालून साप पकडतो आणि दूरच्या रानात सोडतो. सर्वांना हायसे वाटते. या निःस्वार्थ सेवेविषयी मला अत्यंत आदर आहे. तथापि तिच्यावर सर्व भार टाकणे शास्त्राला धरून नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानात खुळखुळ्या सापांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परक्या मुलखात नेऊन सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक दगावले, तर तेथल्याच रहिवासी सापांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. आपल्या आगुंबे येथे नागराजांच्या अंगात रेडिओ-यंत्र बसवून केलेल्या निरीक्षणांतही, दूर नेऊन सोडलेला नागराज स्थानिक नागराजापेक्षा कितीतरी अधिक भटकताना आढळला. ओळखीची बिळे, पाणी आणि वाटा यांना पारखा झालेला साप वणवण करतो, रस्ते ओलांडतो, नव्या वस्तीत शिरतो. म्हणजे संकट टळत नाही, ते दुसऱ्या गावाकडे ढकलले जाते.

हा विषय केवळ प्राण्यांवरच्या दयेचा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. २००० ते २०१९ या दोन दशकांत भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत अभ्यासाने मांडला. कर्नाटक सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद आरोग्यखात्याकडे करणे सक्तीचे केले, ते याच गांभीर्याने. ज्या जागेवर शेकडो मजूर अनवाणी वावरणार आणि रात्री जमिनीवर निजणार, तेथे घोणस व मण्यार कोठे कोठे आहेत, हे काम सुरू होण्यापूर्वी जाणून घेणे ही त्या मजुरांच्या सुरक्षिततेची पहिली पायरी नव्हे काय? पाहणीचा अहवाल हातात असेल, तर झोपड्या कोठे बांधाव्यात, उजेड कोठे ठेवावा आणि कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आहे, हे आधीच ठरवता येते.

विकासाचे परिणाम किती खोलवर जातात, याचा एक उत्कृष्ट दाखला महाराष्ट्रातल्याच चाळकेवाडीच्या पठाराने दिला आहे. साताऱ्याजवळच्या या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून बरीच वर्षे लोटल्यावर, बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर यांनी आमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह तेथल्या सरड्यांचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या जवळजवळ एकचतुर्थांशावर आलेली होती. त्यांचे भय कमी झाल्याने तेथले सरडे संख्येने वाढले होते, त्यांच्या रक्तातील तणावाचे द्रव्य घटले होते, माणूस जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते, आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंगही फिके पडले होते. पात्यांनी सरड्याला स्पर्शही केला नव्हता. तरी त्याचे देह, वर्तन आणि संख्या ही तिन्ही पालटली होती. त्याच संस्थेच्या संशोधकांनी बेंगळूरूच्या वाढत्या वस्तीत खडकावरच्या सरड्यांचे निरीक्षण केले, तेव्हा खडकाच्या कपारी नाहीशा झाल्यामुळे ते त्यांच्याशी साम्य असलेल्या सीमेंटच्या सांदींत रात्री निजताना आढळले. जिवाची जुळवून घेण्याची शक्ती मोठी आहे. परंतु तिलाही एखादी कपार लागते, आणि ती शिल्लक ठेवावयाची की नाही हे आराखडा काढणाऱ्याच्या हाती असते.

उपाय काही अलौकिक नाहीत. कातळाचे उंचवटे कोरून काढण्याऐवजी उद्यानासाठी सोडलेल्या जागेतच त्यांचा अंतर्भाव करावा. जुने दगडी बांध आणि ओढ्यांचे काठ यांना जोडणारी झुडपांची सलग पट्टी राखावी. रस्त्याखालच्या मोऱ्या अशा बांधाव्यात की त्यांतून प्राणी जाऊ शकतील. कुंपणाच्या भिंतीला तळाशी फटी ठेवाव्यात. जमीन साफ करण्याचे काम विणीचा हंगाम टाळून, एका कडेकडून दुसरीकडे, प्रथम हाताने आणि मग यंत्राने करावे, म्हणजे प्राण्यांना स्वतःहून शेजारच्या राखीव पट्टीत सरकण्यास अवधी मिळतो. यांतल्या बहुतेक गोष्टींना वेगळा असा मोठा खर्च नाही. मात्र त्या आराखडा कागदावर असतानाच ठरवाव्या लागतात. मंजुरीनंतर केलेली पाहणी ही केवळ मृतांची यादी ठरते.

याच तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतल्या, म्हणजे महसुली मंडळातल्या, तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमानोद्योगासाठी संपादन करण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरले, आणि १५ जुलै २०२५ रोजी कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी ते संपादन मागे घेत असल्याचे जाहीर केले. तो लढा शेतीचा आणि पोटाचा होता. सापासरड्यांचा त्यात प्रश्न नव्हता. तथापि एक गोष्ट त्याने निर्विवादपणे दाखवून दिली, की नकाशावर रंग भरला म्हणजे भूमीचे भवितव्य कायमचे ठरले, असे होत नाही. जमिनीवर राहणाऱ्यांचे म्हणणे ऐकून सरकारला निर्णय फिरवता येतो. याच तालुक्यातील नल्लूरचे चिंचबन, चोपन्न एकरांत सुमारे तीनशे पुराण वृक्ष सांभाळून असलेले, २००७ साली देशातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले, तेही सरकारच्याच हुकमाने. पुराण वृक्षांना जो न्याय मिळाला, तो खुरट्या काट्यांच्या माळाला मिळत नाही, कारण त्याची भव्यता डोळ्यांत भरत नाही. भारतातील अर्धशुष्क मोकळे माळ देशाच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात आणि त्यांपैकी जेमतेम पाच टक्के संरक्षित क्षेत्रांत आहेत, असे एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांच्या २०२२ मधील नकाशाने दाखवून दिले आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. जमिनीचा बिनशेती उपयोग मंजूर करताना, प्रकल्प लहान असो वा मोठा, जेथे कातळ, माळ, वारुळे किंवा तलावकाठ आहेत तेथे पहिल्या पावसाचा काळ धरून किमान दोन ऋतूंची सरीसृप-पाहणी सक्तीची करावी. ती करणारा जाणकार अर्जदाराने नव्हे, तर नियोजन प्राधिकरणाने अर्जदाराच्या खर्चाने नेमावा. तिचा अहवाल गावच्या चावडीवर आणि सर्वांना वाचता येईल असा स्थानिक भाषेत प्रसिद्ध व्हावा. आणि अहवालानुसार आराखड्यात काय बदल केला, हे मंजुरीच्या हुकमात लिहिणे अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे. देवनहळ्ळीला जे लागू आहे तेच पुण्याभोवतीच्या टेकड्यांना, साताऱ्याच्या पठारांना आणि रत्नागिरीच्या सड्यांनाही लागू आहे. आपल्या गावाजवळ एखादा माळ बिनशेती होत असल्याचे वाचकाने ऐकले, तर त्याने तहसील कचेरीत वा नियोजन प्राधिकरणाकडे जाऊन अर्जासोबतचा पर्यावरण-अहवाल पाहण्यास मागावा, पाहणी कोणत्या महिन्यात झाली हे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. तो अधिकार नागरिकाचा आहे, आणि ज्यांना अर्ज करता येत नाही त्यांच्या वतीने तो बजावणे हे त्याचे कर्तव्यही आहे.